मशीनच्या पोटातली चिठ्ठी

थोरलीचं धंद्यात एकच चुकत होतं. ती काम फार चांगलं करायची. कपडे धुण्याचं मशीन तिच्या हाताखालून एकदा गेलं की आठ-नऊ वर्षं परत तोंड दाखवत नसे. बाकीचे मेकॅनिक शहाणे. ते एक स्क्रू अर्धा सैल ठेवतात, की वर्षभरात गिऱ्हाईक पुन्हा दारात. थोरलीला हे जमलं नाही. जमवायचंही नव्हतं. मग व्हायचं काय, तर गिऱ्हाइकं तिला विसरून जायची. दुखणं गेलं की वैद्याला कोण विचारतं?

बर्फाच्या बंद कारखान्यामागे तिची शेड होती. वर पत्रा, खाली ओली फरशी, मध्ये पोटं उघडी टाकून बसलेली मशीनं. चौदा वर्षं तिनं इथे काढली होती. पैकी शेवटची दोन तिची धाकटी जाऊ सोबत होती. धाकटी आधी एका छापखान्यात कागदपत्रं सांभाळायची. छापखाना बंद पडला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला बराच सल्ला दिला. थोरलीनं फक्त एक पेचकस दिला.

जावाजावांचं पटत नाही असं जग म्हणतं. जगाला काय, म्हणायला काहीतरी लागतं. या दोघींचं पटायचं. भांडायच्याही, पण ते कुठला बोल्ट कुठल्या डब्यात ठेवायचा यावरून.

आणि मग शेड पाडायची नोटीस आली. मुदत चार महिने.

त्याच सुमाराला पालिकेनं एक पुनर्वापर केंद्र बांधायला काढलं. वापरलेल्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा फिरत्या ठेवणाऱ्यांसाठी आठ गाळे, आणि अर्ज करणारे साठ. अर्ज बावीस पानी. ज्यानं तो लिहिला त्यानं जन्मात एक नट फिरवलेला नसणार. अकराव्या पानावर मथळा होता : चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी व्यवसायाचं धोरण, आधार बाह्य परिस्थितीचं विश्लेषण. खाली सहा चौकटी. राजकारण, अर्थकारण, समाज, तंत्रज्ञान, निसर्ग, कायदा. बाहेर या सहा ठिकाणी काय चाललंय ते लिहा, आणि त्यावरून पुढे धंदा कसा चालवणार ते सांगा.

गाळा मिळाला नाही तर थोरलीचं काम संपणार होतं. दुसरीकडे जागा घेण्याची ऐपत नव्हती आणि चोपन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. धाकटीनं मनाशी ठरवलं, हे अकरावं पान मी असं भरीन की बघत राहतील. तिला हातातलं काम अजून थोरलीसारखं येत नव्हतं. कागद मात्र येत होते.

तिनं तीन दिवस कॉम्प्युटरपुढे बसून चौकटी भरल्या आणि वाचून दाखवायला शेडमध्ये आली. थोरली एका पंपातून केसांच्या पिना काढत होती. धाकटी वाचू लागली : जागतिक बाजारपेठेतील बदलते प्रवाह, ग्राहकांची वाढती जागरूकता, शाश्वत विकासाकडे वाटचाल.

थोरलीनं सातवी पीन काढून फरशीवर ठेवली. "हे कुठल्या गावचं?"

"सगळीकडचं आहे, जाऊबाई."

"म्हणजे कुठलंच नाही." तिनं पंप फुंकला. "बाहेरचं लिहायचंय ना? मग तू तीन दिवस आत बसून काय करत होतीस?"

धाकटीला राग आला. तीन दिवस डोळे फोडले होते तिनं. ती म्हणाली, मग तुम्ही सांगा बाहेर काय चाललंय, मी लिहून घेते. थोरली म्हणाली, सांगायचं काय त्यात, मशीन उघडलं की बाहेरचं सगळं आत दिसतं. पाणी कसं आहे, वीज कशी येते, कंपनीनं कुठे कंजूषपणा केला, घरातली माणसं खिसे तपासतात की नाही. सगळं लिहून ठेवलंय.

"लिहून ठेवलंय? कुठे?"

"मशीनमध्ये."

थोरलीची ही सवय धाकटीला माहीत होती. मशीनच्या पाठीचा पत्रा बसवायच्या आधी ती जाड काळ्या पेनानं त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहायची. धाकटीला वाटायचं, तारीख टाकत असेल. तारीख तर होतीच. पण काय मोडलं, का मोडलं, घर कुठलं, पाणी कसलं, हेही असायचं. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळावं म्हणून.

"आणि ती मशीनं?"

"लोकांच्या घरी," थोरली म्हणाली, आणि मग तिलाच उमगलं ती काय बोलली ते.

 चौदा वर्षांचं शहाणपण गावभरच्या मोऱ्यांमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं होतं. इथे त्याची एक नक्कल नव्हती. काम चांगलं झाल्यामुळे ते परत येण्याची शक्यताही नव्हती.

धाकटी आधी हसली. मग थोरलीही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं.

ठरलं, जायचं आणि वाचायचं. पण जायचं कुठे? थोरलीकडे नाव-पत्त्याची वही नव्हती. तिला माणसं आठवायची नाहीत, मशीनं आठवायची. "निळ्या बटणांचं, चौथा मजला, मांजर." "वरून उघडणारं, झाकणाला तडा, बाई सारखी शिंकायची." धाकटी हे सगळं गंभीरपणे लिहून घेत होती. अशी साठेक घरं निघाली. जुन्या मोडीतल्या मशीनांचे कोरे पत्रे दोघींनी मापात कापले, टेम्पोत टाकले आणि निघाल्या. घरी जायचं, पाठ उघडायची, लिहिलेला पत्रा घ्यायचा, कोरा बसवायचा.

लोकांना वाटायचं या मशीन न्यायला आल्यात. एका म्हाताऱ्यानं तर मशीनला पाठ लावून दोन्ही हात पसरले. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारं तेवढं एकच आहे म्हणाला, तुम्ही काय वाट्टेल ते करा पण हे नेऊ नका. थोरलीनं त्याच्यासमोर जमिनीवर बसून मशीन उघडलं, त्याला तिचं अक्षर दाखवलं. त्यावर त्यानं चष्मा आणला आणि मोठ्यानं वाचलं : "पंपात शर्टाची बटणं अकरा. मालकीणबाई बटणं टाचून घेत नाहीत." म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तो पत्रा त्यानं दिला नाही. धाकटीनं त्याचा फोटो काढला आणि घरी जाऊन मजकूर एका कोऱ्या पत्र्यावर उतरवून घेतला.

तीन आठवडे हेच चाललं. आणि हळूहळू धाकटीच्या चौकटी भरू लागल्या. यावेळी आपोआप.

टेकडीकडच्या घरांत पाणी जड. तिथे मशीनमधल्या हीटरवर चुन्याचा थर बसायचा आणि तो जळायचा. खालच्या भागात हीटर शाबूत, पण विजेच्या चढउतारानं सर्किट जायचं. ही झाली निसर्गाची चौकट, आणि थोडी राजकारणाचीही, कारण टेकडीवर गोडं पाणी देण्याचं वचन तीन निवडणुकांपासून हीटरबरोबर जळत होतं.

तंत्रज्ञानाची चौकट थोरलीनं शिव्यांसकट सांगितली, धाकटीनं शिव्या वगळून लिहिली. आधीच्या मशीनांत पाण्याची टाकी दोन अर्ध्या भागांची असायची, बोल्टांनी जोडलेली. बोल्ट काढा, आतलं बेअरिंग बदला, पुन्हा जोडा. सहा वर्षांपूर्वीपासून कंपन्यांनी ती टाकी वितळवून एकजीव करायला सुरुवात केली. आत मुठीएवढं बेअरिंग बिघडलं की अख्खं मशीन भंगारात. आणि हे करणारे लोक जाहिरातीत हिरवं पान दाखवतात. थोरलीनं टाकी करवतीनं कापून पुन्हा बोल्टांनी जोडायची युक्ती काढली होती, आणि ती युक्ती तीन पत्र्यांवर चित्रासकट होती. ती चित्रं कुठल्या घरी काढलीत हे थोरलीच विसरली होती.

एका घरी तर गंमत झाली. पत्रा उघडला, तर थोरलीच्या मजकुराखाली दुसरंच अक्षर. कुणीतरी परका मेकॅनिक. त्यानं लिहिलं होतं : "पंप बदलला. आधीच्याचं काम चांगलं."

थोरलीनं ते दोनदा वाचलं. कान लाल झाले. मग म्हणाली, "आधीच्याचं. बाई असेल असं त्याच्या बापालाही सुचायचं नाही."

पण पुढच्या चौकापर्यंत ती गाडीत गुणगुणत होती. धाकटीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

मग ते घर आलं, चौथ्या मजल्याचं. निळ्या बटणांच्या मशीनचं. दार एका तरुण बाईनं उघडलं. ती म्हणाली, आधीचे भाडेकरू गेले, जाताना मशीन कंपनीच्या गाडीला देऊन गेले. चालू होतं की. पण चार जिने कोण उतरवणार, आणि नव्या घरी जागा कुठे. नवं घेतलं की कंपनी जुनं फुकट नेते, आता तसा कायदाच आहे ना.

कायदा होताच. जुनी मशीनं कंपन्यांनी परत घ्यायची. ऐकायला छान. पण कायदा लिहिणाऱ्यानं तो वजनात लिहिला. किती टन परत घेतलं एवढंच विचारायचं, त्याचं काय केलं ते विचारायचं नाही. त्यामुळे कंपनी चालू मशीन आणि मेलेलं मशीन एकाच यंत्रात घालून चिरडते. टन भरतात. शाबासकी मिळते.

उतरताना थोरली तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली. "मागच्या वर्षी बेअरिंग घातलं होतं मी त्यात," ती म्हणाली. "दहा वर्षं चाललं असतं."

साठातली एकोणीस अशी गेली होती. मोडली म्हणून एकही गेलं नव्हतं. घर बदललं, भाडेकरू बदलला, जिना आडवा आला, म्हणून गेली.

धाकटी तिच्या शेजारी बसली. अनेक दिवस एक गोष्ट तिच्या जिभेवर होती आणि थोरलीला ती आवडणार नाही हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, आपण मशीन विकूच नये. वापरायला द्यावं. घर बदललं की आपल्याला सांगायचं, आपण घेऊन यायचं, उघडायचं, वाचायचं, पुढच्या घरी द्यायचं. दर दोन वर्षांनी आपणच जाऊन तपासायचं. मशीन कायम आपलं. थोरली तिच्याकडे बघत राहिली. एरवी ती म्हणाली असती, दिलेलं परत मागायचं म्हणजे काय, आपण काय भिकारी आहोत?  आज ती जिन्याच्या कठड्यावरून एक बोट फिरवत राहिली.

मग म्हणाली, "लिहून टाक."

यादीत शेवटचं घर उरलं, ते धाकटीचंच. थोरली म्हणाली, तुझ्याकडचं तूच काढ, मला टाकी कापायचीय. धाकटीच्या मोरीतल्या मशीनला घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. ती लग्न होऊन आली त्या दिवशी ते घरात होतं. भाऊ वेगळे झाले तेव्हा ते धाकटीच्या वाट्याला आलं. नवऱ्यानं लग्नाआधी आणलं अशी तिची समजूत. नवऱ्याच्या नावावर इतकी वर्षं जमा असलेलं ते एकच पुण्य. भांडणात ती म्हणायची, माणूस म्हणून बरे आहात, ते मशीन तरी आणलंत.

रविवारी दुपारी तिनं मशीन भिंतीपासून ओढलं, पाठ उघडली. पत्रा गंजला होता, पण अक्षर वाचता येत होतं. अक्षर थोरलीचं, मोठं, अडखळत काढलेलं, आजच्यासारखं सराईत नाही.

"पहिलंच मशीन. होस्टेलनं फेकलेलं. बेअरिंग बदललं. बेल्ट जुना, चालेल. उद्या धाकटी घरात येणार. माझे हात गेले ते गेले. तिचे जायचे नाहीत. पाणी गळलं तर मला सांगा, तिला बोलू नका."

धाकटी फरशीवर बसून राहिली.

थोरलीचे हात तिला माहीत होते. बोटांना बारमाही चिरा, थंडीत रक्त. अकरा वर्षं त्या घरातल्या नऊ माणसांचे कपडे थोरलीनं हातानं धुतले होते. सासू म्हणायची, देवानं हात दिलेत ना. घरातल्या एकाही पुरुषाला त्या चिरा दिसल्या नाहीत. धुतलेले शर्ट तेवढे दिसले. आणि मग दुसरी सून यायची म्हटल्यावर या बाईनं, जिला बोल्ट कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, एक फेकलेलं मशीन उघडलं होतं. एका रात्रीत मेकॅनिक होत नाही कुणी. किती दिवस झटली असेल, कुणाला कळू न देता?

नवरा दारात आला, पत्रा वाचला. ती म्हणाली, तुम्ही आणलं नव्हतं?

"मी कधी म्हटलं आणलं म्हणून?" तो म्हणाला. "तू म्हणत होतीस. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

तिनं त्याला चहा करायला पाठवलं. बाकीच्या चाळीस पत्र्यांवर नव्हतं ते सगळं या एका पत्र्यावर होतं हे तिला कळत होतं. समाजाची चौकट म्हणून हा एकटा पुरला असता. टेबलावर ठेवला असता तर परीक्षक रडले असते. तिनं त्यावरची धूळ पुसली आणि तो होता तिथेच परत बसवला.

मुलाखतीला पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर तीन परीक्षक बसले होते. मधली चष्मेवाली बाई मुख्य. यांच्या आधीच्या अर्जदारानं भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली होती, फिरते बाण वगैरे. या दोघी चादरीत गुंडाळलेले पत्रे घेऊन आत आल्या. चष्मेवालीनं विचारलं, विश्लेषण कुठाय?

धाकटीनं चादर सोडली. टेबलावर पत्रे मांडू लागली, गावाच्या नकाशासारखे. टेकडीकडचे वर, बाजाराकडचे मध्ये, खालच्या भागातले कडेला. टेबल पुरलं नाही तेव्हा थोरली जमिनीवर मांडायला लागली. परीक्षक उठून उभे राहिले, मग वाकले, मग चष्मेवाली बाई चक्क गुडघ्यावर आली.

तिनं दहा-बारा पत्रे वाचले. मग एका पत्र्यावर बोट ठेवून म्हणाली, "टेकडीवरचे सगळे हीटर जळालेत?"

"सगळे," थोरली म्हणाली. "पाणीखातं तुमचंच ना? त्यांनाही बोलवा वाचायला."

बाईच्या उजवीकडचा परीक्षक खोकला. बाई हसली नाही, पण तिनं ते लिहून घेतलं.

मग धाकटीनं धोरण सांगितलं. बाण नव्हते. मशीन आमचं राहील, घरं बदलतील. कंपन्या जी मशीनं परत नेतात, ती चिरडण्याआधी आठ दिवस आमच्या गाळ्यात यावीत, जगण्यासारखी आम्ही काढून घेऊ. गावातले बाकीचे मेकॅनिक पत्र्यावर लिहितील, वाचतील, कारण एक जण सांगितल्याशिवाय लिहितोच आहे. तिनं तो परक्या अक्षराचा पत्रा पुढे केला. ती बोलत असताना थोरली तिच्याकडे अशी बघत होती, जसं दुरुस्त झालेलं मशीन पहिल्यांदा फिरताना बघतात.

बाईनं शेवटचा प्रश्न विचारला. हे सगळं मशीनमध्ये लिहून मशीन देऊन टाकलंत, नक्कल कशी ठेवली नाहीत?

थोरली म्हणाली, "परत येईल असं वाटलं होतं."

बाहेर पायऱ्यांवर दोघींनी पत्रे पुन्हा बांधले. थोरली बांधताना मोजत होती.

"चाळीसच आहेत. तुझ्या घरचा कुठाय?"

"परत बसवला."

"का? काय लिहिलं होतं मी?"

धाकटीनं चादरीची गाठ नीट मारली. थोरलीच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. ती विसरली होती. चौदा वर्षांत तिनं इतक्या मशीनांवर इतकं लिहिलं, की पहिल्यावर काय लिहिलं ते तिच्याजवळ उरलंच नव्हतं.

"बेअरिंग बदललं म्हणून."

"एवढंच?"

"आणि बेल्ट जुना आहे, चालेल म्हणून."

"चौदा वर्षं तोच बेल्ट?" थोरली भडकली. "आणि तू मला सांगितलं नाहीस? उद्या येते, बदलून देते."

"मी बदलते, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "येतो आता मला."

नऊ दिवसांनी पत्र आलं. सहा नंबरचा गाळा, दोन वर्षांसाठी. खाली एक अट : पत्र्यावरील सर्व मजकुराची नक्कल वहीत ठेवणे बंधनकारक. थोरलीनं त्या अटीला दोन शिव्या दिल्या आणि धाकटीला म्हणाली, वही तू घे, माझ्याच्यानं एकच गोष्ट दोनदा लिहिली जात नाही. मग आत जाऊन बोल्टांचे डबे आवरायला लागली. नव्या गाळ्यात कुठला डबा कुठे जाणार यावरून दोघींचं त्याच दुपारी भांडण झालं.

संध्याकाळी धाकटीनं घरी मशीन पुन्हा ओढलं. जुना बेल्ट काढला. तो वाळून कडक झाला होता, पण तुटला नव्हता. नवा चढवला, हातानं चाक फिरवून ताण बघितला. मग जाड पेन घेतलं. थोरलीच्या मजकुराखाली जागा होती. तारीख टाकली आणि लिहिलं : "बेल्ट बदलला. आधीचीचं काम चांगलं."

मग पत्रा बसवला, सगळे स्क्रू पूर्ण आवळले आणि मशीन भिंतीला लावलं.